मीठ कमी

हडर्सफील्डला मार्चमध्ये तासभर ऊन पडलं
की माणसं बाहेर येतात, जणू कुणी परत मागेल ते.
मीही आले. शेजारच्या हारग्रीव्हांचा गुलाब
कुंपण ओलांडून आमच्यात आला होता.
तो छाटताना नडगीत काटा गेला.
इतकंच. रक्तसुद्धा धड आलं नाही.

जूनमध्ये तिथे जांभळाएवढी गाठ,
रंगही जांभळाचाच.
दुखेना, खुपेना.
प्रभंजन म्हणाला, काहीतरी चावलं असेल.
पोरसवद्या डॉक्टरनेही तेच म्हणून मलम दिलं.
मग गाठीशेजारी दोन पिल्लं झाली
आणि मी गुडघ्यापर्यंतचे मोजे घालायला लागले,
दुकानात, घरात, झोपतानाही.

तिसरीत यमू घोलपच्या मानेवर गजकर्ण होतं.
बाईंनी तिला वेगळ्या पोत्यावर बसवलं.
एकदा तिने मला चिंच दिली, मीठ लावलेली.
मी हसून घेतली
आणि शाळेमागच्या गटारात टाकली.
तिने पाहिलं की नाही, माहीत नाही.
पाहिलंच असणार.

डॉक्टर ओकाफोर बाई गाठीकडे भिंगातून बघत राहिल्या.
विचारलं, मूत्रपिंड कधी बसवलं?
चौदा महिने झाले.
कुणाचं?
एका माणसाचं. त्याला मासे पकडायला आवडायचं,
एवढंच त्याच्या बायकोने पत्रात लिहिलं होतं.

मग त्यांनी नीट समजावलं.
सकाळी आठ, रात्री आठ, त्या गोळ्या कशासाठी,
अंगाने त्या पाहुण्याशी भांडू नये म्हणून
अंगाची भांडायची सवयच कशी मोडलेली असते.
मी मान हलवत होते
आणि मला आईची बरणी दिसत होती.
लिंबाच्या लोणच्यात मीठ कमी पडलं
की आठ दिवसांत वर पांढरा बुरा.
लिंबाचा दोष नसतो, आई म्हणायची,
हवेत असतोच तो, वाट बघत.

म्हणजे माझं मीठ कमी केलंय,
समजून-उमजून, मोजून,
आणि ते तसंच कमी ठेवायचंय जन्मभर.

नडगीचा तुकडा काढला.
भोकाला दोन टाके घातले, एक तिरका.
बावीस वर्षं मी लोकांच्या पँटी आखूड करते,
तो टाका मी गिऱ्हाइकाला दिला नसता.
पण बोलले नाही.

तीन आठवड्यांनी त्यांनी फोटो दाखवला,
काचेच्या बशीत वाढलेलं ते.
राखी मखमल. कडेला ऑलिव्हची झाक.
इतकं देखणं
की दुकानात कुणी आणलं असतं
तर मी उलट्या हाताने लव बघितली असती.
नावही सांगितलं, लांबलचक.
कुजक्या पानांवर, ओल्या भिंतींवर राहतं म्हणे,
धडधाकट माणसाकडे फिरकत नाही.

आता नवी गोळी.
तिने जुनी गोळी रक्तात चढते,
म्हणून जुनी निम्म्यावर,
म्हणून सोमवारी-गुरुवारी रक्त,
म्हणून प्रभंजनच्या फ्रिजवरच्या वहीत
दुधाच्या हिशेबाखाली माझे आकडे.
मातीला हात लावायचा नाही.
हारग्रीव्ह गुलाब मुळापासून काढायला निघाले होते.
मी नको म्हटलं. का, ते मलाही ठाऊक नाही.

राहिलेल्या गाठी कापून काढल्या सप्टेंबरात.
ड्रेसिंगला ब्रेंडा असते, बार्न्सलीची,
हातमोजे घालून सगळं पुसते, बांधते,
पूर्ण वेळ तिच्या कुत्र्याबद्दल बोलत.
परवा काम झालं, हातमोजे काढून टाकले तिने,
आणि मी वाकायच्या आत
उघड्या हाताने माझा मोजा वर ओढला,
गुडघ्यापाशी तळवा ठेवला
आणि म्हणाली, पाय किती गार गं तुझे.

मला काही सुचेना.
तोंडाला पाणी सुटलं,
आंबट, खारट,
आणि मी ते गिळलं.